माणशी एक पट्टा

नणंद-भावजयींनी मिळून धंदा काढला हे कळल्यावर शेजारपाजाऱ्यांनी खुर्च्या पुढे ओढून घेतल्या. भांडण फुकटात बघायला मिळणार, अशी सगळ्यांची खात्री होती. पण वर्ष उलटलं, दुसरं अर्ध्यावर आलं, तरी दोघींचं एकदाही वाजलं नाही. सकाळी जुन्या पँटी आणि बाह्या दुमडलेले शर्ट घालून दोघी निघायच्या, संध्याकाळी नखांत रंग आणि केसांत पुट्टीची भुकटी घेऊन परत यायच्या. घरं रंगवायचा धंदा होता त्यांचा. शेजारी हिरमुसले आणि खुर्च्या आत घेऊन गेले.

नणंदेला घरात सगळे ठिणगी म्हणत. नाव ज्यानं ठेवलं त्यानं पूर्ण विचार करून ठेवलं होतं. वहिनी अगदी उलट, पायाखाली आलेल्या मुंगीलासुद्धा ‘जरा बाजूला हो गं’ म्हणणारी. पण तिचा हात बघावा. छत आणि भिंत जिथं मिळतात तिथली रेघ ती चिकटपट्टी न लावता एका दमात ओढायची, आणि ती रेघ जराही हलायची नाही. ठिणगी रंग मिसळायची, गिऱ्हाइकांशी बोलायची आणि गरज पडली तर भांडायची. गरज बऱ्याचदा पडायची.

खरं म्हणजे हा धंदा ठिणगीच्या दादानं करायचा होता. त्यांचे बाबा रंगकामातले जुने मिस्त्री. शहरातली अर्धी घरं त्यांच्या ब्रशाखालून गेलेली. पण दादाला शिडीच्या दुसऱ्याच पायरीवर घेरी यायची. तो विमा कंपनीत चिकटला, जमिनीपासून फार वर न जाता सुखात राहिला, आणि बायको छताला हात लावते याचा त्याला मनापासून अभिमान होता. पुढे बाबांचा गुडघा गेला, हाताखालची माणसं पांगली आणि धंदा बंद पडला. ‘चालवणारं कुणी नाही’ असं बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, आणि तेव्हा ठिणगी समोर बसून चहा पीत असायची. ती रंगाच्या डब्यांवर बसूनच लहानाची मोठी झाली होती. बाबांना त्यातले फक्त डबे दिसले.

म्हणून तिनं त्यांना विचारलंच नाही. वहिनीला विचारलं. वहिनी म्हणाली, “मला जमेल का गं?” आणि दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघराची भिंत रंगवून मोकळी झाली.

दोघींच्या धंद्यात एक नियम होता आणि त्या नियमानं बाबांच्या डोक्यात तिडीक जायची. नियम असा, की त्या घरात जो जो झोपतो त्या प्रत्येकानं ठरलेल्या रंगाचा एकेक पट्टा आपल्या हातानं भिंतीवर मारायचा. माणशी एक पट्टा. सगळ्यांचे पट्टे पडले की काम सुरू. एकाचा जरी राहिला, तरी डब्याला झाकण.

हा नियम काही पुस्तकात वाचून आलेला नव्हता, तो एकदा अंगाशी आल्यावर सुचला होता. त्यांचं पहिलंच काम एका दातांच्या डॉक्टरांच्या घराचं. डॉक्टरांनी मोरपंखी रंग सांगितला, दोघींनी जीव ओतून अख्खा हॉल मोरपंखी केला. डॉक्टरीणबाई बहिणीकडे गेल्या होत्या. त्या परत आल्या, दारात उभ्या राहिल्या, आत बघितलं, आणि बॅग न ठेवता परत बहिणीकडे गेल्या. सगळा हॉल पुन्हा, तोही पदरमोड करून. वहिनी रडली. ठिणगी रडली नाही, तिनं रिकाम्या डब्याला लाथ मारली. डबा रिकामा नव्हता. अंगठ्याला पट्टी बांधताना तिनं नियम केला.

“स्वतःच्या हातानं पट्टा मारला की माणूस मागाहून कुरकुरत नाही,” ती म्हणायची. आणि ते खरंही निघालं. रांगणाऱ्या बाळाचंसुद्धा बोट रंगात बुडवून त्यांनी भिंतीला टेकवलं होतं. नवरा-बायकोची, सासू-सुनेची जी काय भांडणं व्हायची ती डबा उघडायच्या आधी व्हायची, आणि त्या वेळी दोघी जिन्यात बसून डबा खायच्या.

“रंगकाम आहे का निवडणूक?” बाबा कपाळाला हात लावायचे. “मालकाला विचारायचं, रंगाचं कार्ड पुढं धरायचं, तो बोट ठेवेल तो डबा फोडायचा. एवढी वर्षं मी काय भिंतींना मतं विचारत फिरलो का?”

“भिंतींना नाही हो बाबा, माणसांना,” ठिणगी म्हणायची.

“माणसांना तर मुळीच विचारू नये!”

अशी सगळी गंमत चाललेली असताना लॉजवाल्यांचा फोन आला. बाबांना.

स्टेशनाजवळच्या रस्त्यावर तीन मजल्यांचा लॉज. बाबांनी तो पूर्वी रंगवलेला, हिरवा. आता पुन्हा रंग द्यायचा होता, सगळ्या खोल्यांना, जिन्याला, बाहेरून, आतून. लॉजवाले शेठ फोनवर म्हणाले, “मिस्त्री, तुमच्या पोरी काहीतरी रंगकाम करतात म्हणे. पाठवा त्यांना. पण तुम्ही समोर उभे राहणार असाल तरच. पोरींच्या भरवशावर मी लॉज सोडणार नाही.”

“पाठवतो की,” बाबा म्हणाले, आणि फोन ठेवून विजयी मुद्रेनं बाहेर आले.

ठिणगी जी उसळली ती उसळलीच. “आमचं काम तुम्ही परस्पर घेतलंत?”

“मिळवून दिलं! उपकार मानायचे सोडून...”

“तुमच्या नावावर?”

“मग कुणाच्या? माझं नाव आहे म्हणून फोन आला ना?”

ते खरं होतं, आणि म्हणूनच तिला फार लागलं. आजवर त्यांना मिळाली ती दोन-दोन खोल्यांची कामं. लोक कौतुकानं म्हणायचे, ‘मिस्त्रींच्या पोरी हौसेनं करतात हो.’ हौसेनं! उन्हात पुट्टी घासून घासून हाताची सालटं निघायची, आणि म्हणे हौस. हा लॉज स्वतःच्या नावावर झाला असता, तर ते ‘हौसेनं’ कायमचं पुसलं गेलं असतं. आणि हाच लॉज बाबांच्या नावावर झाला, तर जन्मभर मिस्त्रींच्या पोरी. इतकं सरळ होतं ते.

रात्रीच्या जेवणाला तह झाला. तह वहिनीनं घडवला. बाबांनी लॉजवर यायचं, खुर्चीवर बसायचं, पण तोंडातून एक शब्द काढायचा नाही. बोलणं, ठरवणं, सगळं दोघींचं.

“एकही शब्द नाही?” बाबांनी विचारलं.

“एकही नाही.”

आईला हसता हसता ठसका लागला. “अगं, हा माणूस झोपेतसुद्धा दोन्ही बाजूंनी बोलतो. एक प्रश्न विचारतो आणि कूस बदलून उत्तर देतो.”

बाबांचा अपमान झाला. त्या भरात त्यांनी शब्द दिला.

लॉजच्या काउंटरमागची भिंत मोकळी होती. वहिनीनं तिच्यावर आदल्या दिवशी नमुन्यापुरता प्रायमर मारून ठेवलेला. सकाळी शेठचं सगळं घर खाली उतरलं, कारण ते लॉजच्याच वरच्या मजल्यावर राहायचे. शेठ स्वतः, त्यांची बायको, लॉजचं स्वयंपाकघर बघणारा धाकटा भाऊ, शेठची कॉलेजात जाणारी मुलगी, आणि शेठची आई. आजींना खुर्ची दिली. बाबा शेजारच्या खुर्चीवर बसले आणि त्यांनी ओठ असे मिटले की जणू तोंडात खिळे धरले आहेत.

“बोला मिस्त्री,” शेठ म्हणाले, “किती दिवस लागतील?”

बाबांनी ठिणगीकडे बोट केलं.

“खोल्या टप्प्याटप्प्यानं घेऊ,” ठिणगी म्हणाली. “एका वेळी एक मजला, म्हणजे तुमची गिऱ्हाइकं तुटणार नाहीत.”

शेठनी तिचं सगळं ऐकून घेतलं, मग बाबांकडे वळून विचारलं, “जमेल ना?”

बाबांनी पुन्हा बोट केलं. असं बराच वेळ चाललं. शेठ बाबांना विचारायचे, बाबा बोट करायचे, ठिणगी उत्तर द्यायची, शेठ ते उत्तर खरं का म्हणून बाबांकडे बघायचे. शेठना वाटलं मिस्त्रींचा घसा बसलाय. त्यांनी खडीसाखर मागवली. बाबांनी ती निमूटपणे तोंडात टाकली, आणि ठिणगीला पहिल्यांदाच त्यांची थोडी दया आली.

मग रंगाचा विषय निघाला. शेठना पिवळा हवा होता. बायकोला राखाडी. धाकट्या भावाचं म्हणणं, रंग कुठलाही द्या पण त्यावर तेलाचा डाग दिसता कामा नये. मुलीला पांढरा हवा होता, कारण पांढऱ्यापुढं फोटो चांगले येतात. वहिनीनं नमुन्याचे डबे उघडले, ठिणगीनं नियम सांगितला, आणि मग जे व्हायचं ते झालं. आवाज चढले. बायकोनं शेठना लग्नानंतर घेतलेल्या एका सोफ्याची आठवण करून दिली. भावानं वेगळं व्हायची धमकी दिली. दोघी जिन्यात बसून वाट बघत राहिल्या. बाबा खुर्चीत तळमळत होते. दोनदा त्यांचं तोंड उघडलं, दोनदा त्यांनी ते खडीसाखरेनं बंद केलं.

शेवटी पिवळ्यात थोडा राखाडी, अशा एका रंगावर सगळे टेकले. ठिणगीनं तो तिथंच मिसळून दिला. उतरतं ऊन भिंतीवर पडावं तसा तो दिसत होता. शेठनी पट्टा मारला. बायकोनं मारला, शेठच्या पट्ट्यापेक्षा जरा लांब. भावानं मारला, मुलीनं मारला आणि त्याच्यापुढं उभं राहून फोटो काढला. चांगला आला.

“आजी, आता तुम्ही,” असं म्हणत वहिनीनं ब्रश पुढं केला.

आजींनी ब्रशाकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं, आणि हात मांडीवरच ठेवला.

“मी विचार करणार आहे,” आजी म्हणाल्या.

“कसला विचार, आई?” शेठ हसले. “मार एक पट्टा, झालं.”

“रंगाचा विचार. मला आठ दिवस लागतील.”

आजी सावकाश बोलायला लागल्या. “मी लग्न करून आले तेव्हा सासऱ्यांनी हा निळा केला. मग तुझ्या वडलांनी बदामी केला. मग तू हिरवा. मला कुणी विचारलं नाही, मीही कधी बोलले नाही. आता ही मुलगी विचारतेय, तर मी काय घाईघाईत उरकू? हा पट्टा मी सकाळच्या उजेडात बघणार, दिवा लावून बघणार. रस्त्यापलीकडच्या मैत्रिणीला बोलावून दाखवणार.”

“आई, पाहुणे यायला लागतील! पंधरवड्यात सगळं भरतंय!”

“भरू दे.”

शेठचा पारा चढला, पण आईवर चढवता येईना, म्हणून ते ठिणगीकडे वळले. “अहो, तिचं काय घेऊन बसलात? तिची एकटीची मागची खोली. तुम्ही करा सुरू. उद्यापासून. मी आत्ता शब्द देतो.”

उद्यापासून. तीन मजले. ठिणगीच्या कानात तो शब्द घुमला. शेजारी वहिनीनं तिच्या दंडाला चिमटा काढला, आणि तो चिमटा ‘हो म्हण’ असा होता हे तिला बरोबर समजलं. त्यांच्याकडे काम मागून गेलेल्या दोन मुली होत्या, त्यांना ‘थांबा, मोठं काम येऊ दे’ असं वहिनीनंच सांगून ठेवलेलं. ठिणगीचं मनही काही दगडाचं नव्हतं. तिला ते काम इतकं हवं होतं की मनातल्या मनात तिनं तिन्ही मजल्यांचे डबेही मोजून टाकले. एक म्हातारी, एक पट्टा, आणि तीसुद्धा नाही म्हणत नाहीये, नुसती थांबा म्हणतेय. कोण बघायला येणार होतं?

तिनं आजींकडे बघितलं. आजी तिच्याकडे बघतच नव्हत्या. त्या मान तिरकी करून भिंतीवरचे चार पट्टे न्याहाळत होत्या, आणि त्यांचा चेहरा असा खुलला होता की ठिणगीला ‘हो’ म्हणताच येईना.

“नाही जमणार शेठ,” ती म्हणाली. “आजींचा पट्टा पडल्याशिवाय आम्ही ब्रश लावत नाही.”

“असं? मग तिचा पट्टा मी मारतो!” शेठनी वहिनीच्या हातातला ब्रश हिसकला आणि डब्यात बुडवला.

ठिणगीनं ब्रशाचं दुसरं टोक पकडलं. दुसरं टोक म्हणजे केसांचं, रंगात भिजलेलं. पुढच्या क्षणी लॉजचे मालक आणि रंगारीण एका ब्रशाला दोन्ही बाजूंनी लोंबकळत होते, आणि पिवळ्यात थोडा राखाडी हा रंग शेठच्या शर्टावर, मिशीवर आणि काउंटरवरच्या घंटीवर समान वाटला जात होता. शेठच्या मुलीनं याचाही फोटो काढला.

“सोडा!” शेठ ओरडले.

“आधी तुम्ही सोडा!”

तेवढ्यात टक, टक असा आवाज आला. वहिनी खाली बसून एकेका डब्यावर झाकण ठेवत होती आणि हातोडीच्या दांड्यानं ठोकत होती. जिनं आत्ता चिमटा काढला होता, तीच. झाकणं बसवून तिनं डबे एकावर एक रचले आणि ठिणगीच्या शेजारी येऊन उभी राहिली. ठिणगीला त्या क्षणी तिला मिठी मारावीशी वाटली, पण दोन्ही हात रंगानं भरलेले होते.

शेठनी ब्रश सोडला. रुमालानं मिशी पुसली, रंग गालावर नेऊन ठेवला, आणि आपलं शेवटचं अस्त्र बाहेर काढलं.

“मिस्त्री! काय चाललंय हे? एवढ्या वर्षांची आपली ओळख. सांगा तुमच्या पोरीला. तुम्ही सांगाल तसं होईल.”

सगळ्यांच्या माना बाबांकडे वळल्या. बाबा खुर्चीतून उठले. गुडघ्यावर हात दाबून, सावकाश. त्यांनी शेठकडे बघितलं नाही. ठिणगीकडे बघितलं, आणि वर्गात पोरं बोलायची परवानगी मागतात तसं एक बोट वर केलं.

संपलं, असं ठिणगीला वाटलं. बाबा बोलले की काम होणार आणि नियम जाणार. ‘माणसांना तर मुळीच विचारू नये’ असं म्हणणारा माणूस दुसरं काय बोलणार? पण त्यांनी एवढा वेळ शब्द पाळला होता. तिनं होकाराची मान हलवली.

बाबांनी खडीसाखर गिळली.

“शेठ, मला कशाला विचारता?” ते म्हणाले. “मी यांच्याकडे कामाला आहे.”

शेठ हसायला लागले. बाबा हसले नाहीत, तेव्हा शेठचं हसू अर्ध्यात विरलं. “कधीपासून?”

“आजपासून.” बाबांनी घसा खाकरला. “या दोघी घेतील तर.”

इतकी वर्षं त्या डब्यांवर बसून ठिणगी ज्याची वाट बघत होती ते असलं काहीतरी होतं, हे तिला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. काहीतरी बोलायला हवं होतं, पण तिखट बोलण्यात सगळा जन्म गेलेला, आता नरम शब्द आणायचे कुठून.

“घ्या गं त्याला,” आजी खुर्चीतून म्हणाल्या. “माणूस चांगला आहे. बोलतो कमी.”

वहिनीच्या तोंडातून फुर्र करून हसू फुटलं. ठिणगीनं बाहीनं डोळे पुसले आणि कपाळाला पिवळा पट्टा ओढून घेतला. “बघू,” ती बाबांना म्हणाली. “आधी घासकाम करून दाखवा. पुट्टीपासून सुरुवात. आणि गिऱ्हाइकाशी बोलायचं नाही.”

बाबांनी मान डोलावली. बोट पुन्हा वर करून त्यांना आणखी काहीतरी सांगायचं होतं, पण ते सांगण्याआधीच त्यांनी बोट खाली घेतलं.

शेठ मात्र तिथंच उभे होते. एका बाजूला रचलेले डबे, दुसऱ्या बाजूला आई, समोर भिंतीवर चार पट्टे आणि पाचव्याची मोकळी जागा. हवं तर दुसरा रंगारी आणता आला असता. पण त्या मोकळ्या जागेकडे बघता बघता, आपल्या आईला कुठला रंग आवडतो हे आपल्याला ठाऊक नाही, हे बहुधा त्यांच्या लक्षात आलं. निदान चेहरा तसा झाला.

“बाई,” ते म्हणाले. ठिणगीला कळायला क्षणभर वेळ लागला, की हे आपल्याशी बोलताहेत. बाबांकडे न बघता, सरळ तिच्याशी. “काम तुमचं. पण आठ दिवस म्हणजे आठच.”

“ते आजींना विचारा,” ती म्हणाली.

शेठनी बाबांची रिकामी खुर्ची ओढली, आईच्या शेजारी ठेवली आणि हुश्श करून बसले. “आई,” त्यांनी विचारलं, “तुला कुठला रंग आवडतो गं?”

आजींनी लेकाच्या रंगलेल्या मिशीकडे नीट बघून घेतलं.

“आत्ता कुठं विचारलंस,” त्या म्हणाल्या, “आता बस जरा.”